टर्बोतली उघाडी

महिपतीकडे गाडी घेऊन गेलात की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तुम्ही तक्रार सांगायची. त्यानं डोळे बारीक करून ऐकायची. मग मान एकदाच डावीकडे कलती करायची आणि म्हणायचं, "व्हईल." काय होईल, कसं होईल, हे विचारायचं नसतं. विचारलंत तर तो पान्हा घेऊन सरळ गाडीखाली शिरतो, आणि गाडीखाली शिरलेल्या माणसाच्या नुसत्या पायांशी काय डोंबल वाद घालणार?

पेणजवळच्या गडब गावात हायवेला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. पेणपासून नागोठण्यापर्यंतचे टेम्पो, पिकअप, डंपर, ज्याचं पोट बिघडलं तो इथं येतो. हमरापूरहून गणपती भरून निघालेला टेम्पो भर रस्त्यात दम टाकतो तेव्हा ड्रायव्हर घामाघूम होऊन यालाच फोन लावतो. महिपती फोनवरसुद्धा मान हलवतो. समोरच्याला ती दिसत नाही, पण 'व्हईल' ऐकू येतं आणि तेवढ्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो.

आता खरं सांगू? मान हलली म्हणजे त्याला कळलंच असं नाही. निम्म्या वेळेला काहीसुद्धा कळलेलं नसतं. हात घातला की हळूहळू उलगडत जातं, आणि उलगडलं की तो असा चेहरा करतो की हे आपल्याला आधीपासून ठाऊकच होतं. पेणला ज्या उस्तादाकडे तो शिकला, त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिऱ्हाईकासमोर 'म्हाईत नाय' म्हणायचं नाय. म्हणालास की गिऱ्हाईक पुढच्या शेडीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिपतीची ती मूठ पन्नाशी आली तरी उघडली नव्हती. बाहेर नाही आणि घरातही नाही. त्याची बायको मैना म्हणते, "कालवणात मीठ झाला का म्हणून विचारला तरी हे मान हालवतात. झाला का नाय झाला, ते आपण समजायचा."

अशा या माणसाच्या दारात मागच्या डिसेंबरात एक टेम्पो थांबला, आणि त्यातून त्याची स्वतःची मुलगी एक गाडी उतरवून घेऊ लागली. मृणाली रोह्याच्या बाजूच्या कॉलेजात इंजिनीअरिंग शिकते, रोज कासू स्टेशनवरून रेल्वे पकडते. तिच्या कॉलेजातली पोरं दरवर्षी एक शर्यतीची मोटार स्वतःच्या हातांनी बांधतात आणि बाहेरच्या कॉलेजांशी शर्यत लावतात. मोटार म्हणजे काय, नळ्यांचा सांगाडा, चार चाकं आणि एका माणसापुरती बूड टेकायची जागा. यंदा तिचं इंजिन मृणालीकडे होतं. मोटरसायकलचं इंजिन, त्याला तिनं टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, लावायचा हट्ट धरला होता.

टीमचा प्रमुख सुजय. पेणचा मुलगा, वाईट नाही, पण जबाबदारी डोक्यावर असली की माणूस जरा कडक होतोच. तो म्हणाला होता, "टर्बो लाव, पण रोह्याच्या मैदानावरच्या चाचणीत तो धूर न काढता चालला पाहिजे. नाही चालला तर आपण साधं इंजिन चढवू आणि ते दुसरा कुणीतरी बघेल." म्हणजे मृणालीची वर्षभराची मेहनत गाडीतून खाली, आणि तीही खाली. त्यावर ही पोरगी सगळ्यांसमोर म्हणून बसली, "माझे बाबा आहेत. त्यांना कळणार नाही असं इंजिन अजून यायचंय."

हे तिनं घरी आल्यावर बापाला हसत हसत सांगितलं. महिपतीनं मान हलवली. पण तिच्याबरोबर हसणं त्याला जमलं नाही, कारण तोवर त्यानं त्या इंजिनाखाली एकदा डोकावून घेतलं होतं.

खाली चेंबरच नव्हता. कुठल्याही इंजिनाच्या तळाशी एक खोल चेंबर असतो, तेलाचं पातेलंच म्हणा. तेल त्यातून वर चढतं, सगळीकडे फिरतं आणि परत त्यातच पडतं. महिपतीनं आयुष्यभर ही पातेली उघडली, धुतली, फुटली तर जोडली. आणि या इंजिनाला पातेल्याच्या जागी एक उथळ ताटली.

"चेंबर कवा बसवायचा?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चेंबर नाहीच बाबा. ड्राय संप आहे," मृणाली म्हणाली. "ताटलीत तेल साठवायचंच नाही. पडलं की पंप ते ओढतो आणि सीटच्या मागच्या टाकीत टाकतो. टाकीतून दुसरा पंप इंजिनाला देतो. म्हणजे गाडी जोरात वळली तरी तेल एका बाजूला पळत नाही, आणि इंजिन अगदी खाली, जमिनीलगत बसतं."

महिपतीनं मान हलवली. डोक्यात मात्र सगळा गोपाळकाला. तेल खाली पडतं, पण खाली राहत नाही. राहतं सीटच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाहेर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणत आलो, आणि इथं पोरं सांगतात की आड मुद्दामच कोरडा ठेवलाय. जेवताना तो भाताकडे बघत बसला. मैनानं विचारलं, "आमटी वाढू?" त्यानं मान हलवली. तिनं वाढली. त्यानं ती खाल्ली नाही.

खरी अडचण टर्बोची होती. टर्बो त्याला अनोळखी नव्हता, डंपरचे कितीतरी त्यानं खोलले होते. टर्बोला वरून बारीक नळीनं जोरात तेल येतं. आत गरगर फिरून त्या तेलाचा पार फेस होतो. मग खालच्या जाड नळीनं ते आपल्या वजनानं उतरतं आणि चेंबरात जाऊन पडतं. येताना जोर असतो, जाताना काही जोर नसतो, नुसता उतार. म्हणून ती परतीची नळी जाड लागते आणि कुठं न वाकता सरळ खाली जावी लागते. तेल उतरलं नाही तर टर्बोतच तुंबतं, तुंबलेलं तेल धुरांड्यात, म्हणजे सायलेन्सरात, शिरतं, आणि मग असा धूर निघतो की मागचा माणूस दिसत नाही. हे सगळं त्याला झोपेतही सांगता आलं असतं. प्रश्न एवढाच होता की चेंबरच नाही, तर ती नळी सोडायची कुठं?

आधी त्याला वाटलं, तेल राहतं टाकीत, तर नळीही टाकीत. त्यानं नळी जोडून वरून तेल ओतून पाहिलं. ते नळीत तसंच उभं राहिलं, कारण टाकी उंच आणि टर्बो खाली, आणि तेल काही शिडी लावून चढत नाही. त्यानं ती नळी गुपचूप काढली, फरशी पुसली. मग दोन दिवस दुसऱ्याच एका पिकअपचा क्लच करत बसला. मृणाली संध्याकाळी कॉलेजातून आली की विचारायची, "कुठवर आलं बाबा?" आणि हा म्हणायचा, "व्हतंय." काय व्हतंय, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी तिनंच एक चित्र काढून आणलं. टर्बोतून निघालेली जाड नळी, सरळ उताराची, ताटलीच्या वरच्या कोपऱ्यात सोडलेली. महिपतीनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"ताटलीत?" तो म्हणाला.

"हो. म्हणजे, तिथंच ना?" ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानं मान हलवली. मग जरा थांबून म्हणाला, "पण जोरात ब्रेक मारला तर ताटलीतला तेल पुढं यील आन् नळीत उलटा घुसल."

"पंप ओढून घेतो ना ते, लगेच," ती म्हणाली. आवाज जरा बारीक होता. पण त्यानं परत मान हलवली आणि विषय तिथंच मिटला. बापलेक दोघं त्या चित्रासमोर उभे, दोघांच्या माना हलतायत. मैना दारातून बघत होती. तिला वाटलं, केवढी हुशार माणसं आपल्या घरात.

चित्राप्रमाणे नळी बसवली खरी, पण महिपतीच्या मनातून ते उलटं येणारं तेल जाईना. आणि मग एका दुपारी, हात धूत असताना, त्याला एकदम सुचलं. इतके दिवस डोक्यात गच्च धुकं होतं, त्यात पहिल्यांदा काहीतरी स्वच्छ दिसलं. उघाडी.

खारेपाटात वाढलेल्या माणसाला उघाडी सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडची खाडीकाठची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. मध्ये बांध असतो म्हणून तगतात. पण शेतातलं पाणी खाडीत सोडायला बांधाला एक तोंड ठेवावं लागतं, ती उघाडी. तिच्या खाडीकडच्या अंगाला वरून टांगलेली लाकडी झडप असते. भरतीचं पाणी झडपेला आत दाबतं आणि तोंड बंद होतं, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून ढकलतं, झडप उघडते, पाणी निघून जातं. महिपतीचा बाप जनू गावच्या उघाडीची राखण करायचा. लहानपणी महिपती रोज त्याची भाकरी घेऊन बांधावर जायचा. बाप बांधावर बसलेला असायचा आणि खाली झडप आपली आपण हलत असायची. महिपतीला बापाची मनातून थोडी लाजच वाटायची. बाकीच्यांचे बाप मिठागरात खपायचे, याचा बाप बसलेला.

तर महिपतीनं काय केलं, जाड रबराचा एक गोल तुकडा कापला, त्याला पत्र्याची चकती जोडली आणि ताटलीजवळ नळीच्या सांध्यात आतून टांगून दिला. तेल टर्बोतून येईल तेव्हा झडप उघडेल, उलटं येऊ लागलं की मिटेल. बोटानं ढकलून पाहिली. लगेच उघडली, लगेच मिटली. इतक्या दिवसांनी त्याला स्वतःचा राग येईनासा झाला. मृणालीला त्यानं हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं, म्हणाल तर चाचणी झाल्यावर सांगणार होता, गंमत म्हणून. आणि पोटातलं बोलायचं तर, हे सांगायला गेलं असतं तर आधी काय काय कळत नव्हतं तेही बाहेर पडलं असतं. शेडीत इंजिन थोडा वेळ सुरू करून पाहिलं. धूर नाही, आवाज गोड. मृणालीनं बापाच्या ग्रीस माखलेल्या हातावर टाळी दिली.

रोह्याला चाचणीच्या दिवशी महिपती मुद्दाम धुतलेला शर्ट घालून गेला. मोकळं मैदान, कडेला पोरांचा घोळका, सुजय हातात घड्याळ घेऊन उभा. गाडी सुटली. दोन वळणं घेतली, सरळ पट्ट्यावर जोर धरला, आणि मागून निळसर पांढरा धूर निघाला. आधी शेपटीएवढा, मग इतका की गाडीच दिसेना. गाडी थांबवली तरी धुरांड्यातून तेल टपकत होतं.

कुणी म्हणालं टर्बो गेला. कुणी म्हणालं नळीच बारीक पडली. महिपती खाली वाकून बघत होता, पण त्याला काही म्हणजे काहीच समजत नव्हतं. टर्बो नवा होता. नळी जाड होती, उतार सरळ होता. आणि उलटं तेल अडवायला तर त्यानं दारावर राखणदार बसवला होता. मग तेल तुंबलं कुठं? त्याला चुकूनही झडपेची शंका आली नाही. सगळ्या गोंधळात तीच एक गोष्ट त्याला पक्की कळलेली होती, तिच्यावर शंका घ्यायची तर मग उरलं काय?

सुजय म्हणाला, "मृणाली, नळी नक्की बरोबर बसलीय?"

"नळी बाबांनी बसवलीय," मृणाली म्हणाली. "त्यात चूक नसणार. माझं डिझाइनच चुकलं असेल. चूक माझी."

आणि महिपतीनं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, मान हलवली.

हलवली आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. पण हललेली मान परत कशी घेणार? मृणालीनं ती पाहिली होती.  ती खाली मान घालून तेल पुसू लागली. सुजय म्हणाला, "उद्या सकाळी इंजिन उतरवू. साधं चढवायला वेळ लागेल." आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिकच लागलं.

महिपती गडबला परतला तो तडक शेडीत न जाता मागच्या पडवीत गेला. तिथं त्याची म्हातारी आई धोंडुबाई सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. रस्ताभर तो एकेक गोष्ट मनातून बाद करत आला होता, आणि शेवटी बाद करायची राहिली होती ती झडपच. तो तिच्याशेजारी टेकला. बराच वेळ नुसता एक शेंग हातात घेऊन तिची दोन्ही टोकं चिवडत राहिला.

"काय जाला?" तिनं विचारलं.

"आये, आपल्या उघाडीची झडप कवा अडकायची काय?"

"कवा म्हंजे?" म्हातारीचे हात थांबले नाहीत. "रोजच्याला अडकायची. पावसात पाणी तुंबला का त्याला जोर, तवा उघडायची आपली आपण. पन पाऊस सरला का शेतातला पाणी थोडा. थोडा पाणी, त्याच्यावर फेस न् काडीकचरा. त्यो काय ढकलनार एवढ्या दांडग्या झडपेला? त्यात खाडीवरचा वारा सुटला का बाहेरना दाबून धरायचा. मग तुजा बापूस चिखलात उतरून बांबू घालायचा न् झडप वर उचलून धरायचा. ओहोटी हाय तवर उचलून धरायचा."

महिपती तिच्याकडे बघतच राहिला. "पन मी जायचो तवा तो बसलेला असायचा."

"तू भाकरी घेऊन जायचास ना? भाकरी खायाला मानूस बसल का नाय?" धोंडुबाईनं सूप बाजूला सारलं. "तुला काय वाटला, तुजा बापूस तिथं झोपा काढायला जायचा? त्याचा खांदा कशानं गेला मग?"

बापाचा उजवा खांदा शेवटची कितीतरी वर्षं वर जात नव्हता. सदरा घालताना आई हात धरायची. महिपतीनं ते रोज पाहिलं होतं आणि त्याचं कारण कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, त्याला सगळं कळतच होतं ना. त्याला एकदम रडू आलं आणि त्यानं ते आवरलंही नाही.  म्हातारीनं सूप परत पुढं ओढलं आणि त्याच्या हातातली चिवडलेली शेंग काढून घेतली.

थोडा वेळ गेल्यावर उरलेलं आपोआप सरळ झालं. टर्बोतून उतरणारं तेल म्हणजे थोडं पाणी आणि वर फेस. त्याला जोर नाहीच. शेडीत इंजिन हळू चालत होतं तेव्हा झडप कशीबशी उघडत होती. मैदानात जोर लागला आणि इंजिनाच्या पोटातली हवा वाऱ्यासारखी झडपेला बाहेरून दाबून बसली. तेल आत तुंबलं. चित्र मृणालीचं बरोबर होतं. चुकीचं होतं ते फक्त यानं घातलेलं दार, आणि तिथं बांबू घेऊन उभा राहायला कुणी जनू नव्हता.

सकाळी तो रोह्याला पोहोचला तेव्हा पोरांनी इंजिनाचे बोल्ट सोडायला घेतले होते. मृणाली एका बाजूला उभी राहून सुटलेले बोल्ट डब्यात ठेवत होती. महिपती आला तसं सगळ्यांनी वर पाहिलं. काकांनी काहीतरी उपाय आणला असणार, असंच त्यांना वाटलं.

"थांबा जरा," तो म्हणाला. "त्या नळीत मी एक झडप बसवलीय. मृणालीच्या चित्रात ती नाय. मी तिला इचारला नाय, सांगितला पन नाय. धूर त्याच्यानं झाला. काल तिनं चूक आपल्यावर घेतली, आनी मी मान हलवली. ती चूक तिची नव्हती."

एवढं लांब बोलायची त्याला सवय नव्हती.   मग तोच गाडीखाली सरकला, सांधा सोडला, आणि आत तुंबलेलं तेल भसकन त्याच्या धुतलेल्या शर्टावर आलं. रबराची झडप त्यानं बाहेर काढून सुजयच्या हातात दिली. सुजयनं ती बोटानं ढकलून पाहिली. उघडली, मिटली.

"पण ही तर उघडतेय काका," सुजय गोंधळून म्हणाला.

"बोटाला जोर हाय, बाबा. तेलाला नाय."

नळी चित्राप्रमाणे, मोकळी, परत बसवली. सोडलेले बोल्ट पुन्हा आवळले. गाडी सुरू केली तेव्हा धूर आलाच, सगळ्यांची तोंडं उतरली. पण तो धुरांड्यात उरलेल्या तेलाचा होता. तो विरळ झाला, मग थांबला. गाडी मैदानात सोडली. सरळ पट्ट्यावर चालवणाऱ्या पोरानं सगळा जोर दिला आणि मागे नुसती धूळ उडाली. सुजयनं घड्याळाकडे पाहिलंच नाही, धुरांड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "इंजिन राहू दे. मृणाली, तूच बघ पुढचं."

मृणाली हसली नाही. ती हात धुवायला नळावर गेली. महिपती मागोमाग गेला आणि तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभा राहिला.

"मला सांगितलं का नाही बाबा?"

"कसा सांगू, बाय? त्या गाडीतला मना कायच कळत नव्हता. चेंबर नाय हे बघितला तवापासना कळत नव्हता. ती झडप तेवढी कळली, असा वाटला. लाज वाटत होती."

मृणालीनं नळ बंद केला. हात तसेच ओले धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मलाही नव्हतं कळत," ती म्हणाली. "ते चित्र मी चार ठिकाणी बघून काढलं होतं. नळी ताटलीत का, टाकीत का नाही, मला नक्की माहीत नव्हतं. तुम्हाला दाखवलं, तुम्ही मान हलवलीत. म्हणून मला वाटलं, असेल बरोबर."

म्हणजे हिचं चित्र त्याच्या मानेवर उभं, आणि त्याची मान हिच्या चित्रावर. मध्ये कुणालाच काही ठाऊक नाही. महिपतीला हसावं की रडावं कळेना. मृणालीला मात्र आता हसू फुटलं, आणि हसताहसता तिनं ओले हात त्याच्या तेलकट शर्टालाच पुसले.

तेवढ्यात सुजयनं हाक मारली. "काका, एक शंका आहे. जोरात ब्रेक मारला तर ताटलीतलं तेल या नळीत उलटं नाही ना येणार?"

महिपतीची मान डावीकडे कलायला निघाली. अर्ध्यात थांबली.

"मना नाय म्हाईत," तो म्हणाला. तोंडातून शब्द निघाले आणि काही कोसळलं नाही. सुजय पुढच्या शेडीत गेला नाही. "मृणाली, तुला?"

"मलाही नाही."

"मग मारून बघू ब्रेक," महिपती म्हणाला.

ती सकाळभर त्यांनी तेच केलं. गाडी जोरात यायची, ब्रेक मारायची, थांबायची. महिपती प्रत्येक वेळी खाली आडवा होऊन नळी चाचपायचा, सांध्याला बोट लावून बघायचा, उठायचा, परत आडवा व्हायचा. पाठीला माती, कोपरं सोललेली. कधी नळी कोरडी वाटायची, कधी नाही. मृणाली बघत होती, विचारत होती, आणि तो मान न हलवता बोलत होता, जमेल तसं, अडखळत.

दुपारी मृणालीनं त्याचा डबा आणून दिला तेव्हा तो मैदानाच्या बांधावर बसला होता.